चार बोटे अंतर

त्या राज्यात पाणी वरून खाली येत असे आणि खालून वर काहीच जात नसे. सगळ्यात वर टाकी होती. तिला कुणी पाहिले नव्हते. तिच्याखाली, माडीवरच्या न्हाणीघरात, संगमरवरी हौद राज्य करत होता. आणि अगदी तळाला, अंगणात, मातीच्या घागरी रांगेत उभ्या असत. सगळ्यांना पाणी पुरवणारा पाइप एकच होता. हौदाला ते मिरवायला लागे, घागरींना घरोघरी प्यायला न्यायला.

हौदाच्या काठावर पितळी नावाची तोटी होती. आखूड, सरळ, ताठ मानेची. ज्या नळवाल्याने तिला बसवले त्याने आडवी बोटे लावून मोजले होते: तिचे तोंड हौदाच्या काठापेक्षा बरोबर चार बोटे वर. "याच्या खाली वाकू नकोस," तो म्हणाला होता. "तोंड पाण्यात बुडलं की पाइप उलटा प्यायला लागतो." तो गेला, त्याला खूप वर्षे झाली. चार बोटांचा नियम अनेकांनी ऐकला होता. त्याचे कारण मात्र एकट्या पितळीला माहीत होते.

त्या चार बोटांमुळे पाणी पडताना आवाज होई. हौदाला तो खुपत असे. त्याहून खुपे तो पितळीचा ठसका. टाकीत पाणी कमी झाले की पाइपात हवा शिरे, पितळीला ठसका लागे आणि सगळ्या घराला टंचाईची बातमी कळे. एकदा शेजारच्या राज्यांतली घंगाळे आणि तस्ते पाहुणी आली असताना हेच घडले. गढूळ शिंतोडे थेट त्यांच्या लखलखीत अंगावर उडाले.

"पाणी कमी आहे, हे मला एकट्याला सांगता आलं असतं," पाहुणे गेल्यावर हौद म्हणाला.

"मी सांगितलं नाही, महाराज. मला ठसका लागला."

"तेच म्हणतोय मी. तुला ठसका लागतो."

पितळीला उतरवायचे ठरले. पण तिथली रीत अशी होती, की जाणाऱ्या तोटीनेच नवी तोटी निवडून द्यायची. तिघी जणी काठावर हजर झाल्या. पहिली रुंद ओठांची होती. तिचे पाणी चादरीसारखे पडे. दुसरीच्या तोंडाला चाळण होती. ती सगळ्यांना थोडे थोडे देई. तिसरी सोनमान. सोन्याचा मुलामा, लांब मान, आणि ती मान इतकी वाकलेली की तोंड थेट हौदाच्या तळापाशी पोहोचावे.

पितळीने सोनमानकडे पाहिले आणि तिला नळवाल्याचे शब्द आठवले.

"ही घ्या, महाराज," ती म्हणाली. "हिचं तोंड कायम तुमच्या पाण्यात राहील. आवाज म्हणून यायचा नाही. ठसका लागलाच तर तुमच्या पोटात विरून जाईल."

तळाशी बसलेले रबरी बूच हौदाचे प्रधान होते. ते चुळबुळले. "पण ते चार बोटांचं काहीतरी होतं ना हो, पितळीबाई? आमच्या आधीचे बूच सांगायचे."

पितळीला सांगायचे असते तर तोच क्षण होता.

"जुन्या लोकांच्या सवयी, प्रधानजी," ती म्हणाली. "तुम्ही तरी त्या किती दिवस धरून बसणार?"

हौद खूश होऊन हसला. "तू मनाची वाईट नाहीस, पितळी. तुला अंगणात जागा देतो."

वाईट नाहीस. तिच्या मानेभोवती पान्याचा पहिला पीळ बसला, तेव्हा ते दोन शब्द तिने गिळून ठेवले.

अंगणात तिला गुडघाभर उंचीवर बसवले. घागरींना मात्र तिचे आगमन म्हणजे सणच होता.

"पितळीकाकू, एवढ्या खाली आलात, तरी मान अजून ताठच," रांगेत पहिली असलेली ठकू घागर म्हणाली.

"वाकवली तर तुझ्या तोंडात नेम कसा धरू?"

"नेमाचं बोलू नका. काल निम्मं पाणी माझ्यामागच्या भागीच्या अंगावर. ती म्हणते, काकूंचा हात अजून राजवाड्यातलाच आहे."

घागरी खदखदल्या. पितळीही हसली. घागरीला स्वतःच्या पोटात डोकावता येत नाही. ती वर बघते, देणारीचे तोंड ओळखते आणि भरून घेते. पितळीच्या पाण्यावर आजवर कुणी संशय घेतला नव्हता. पण संध्याकाळी रांग मोडली की ती माडीकडे पाही आणि टाकी धुण्याचा दिवस किती लांब आहे ते मोजत बसे. वर्षातून एकदाच टाकी बंद होई. त्या दिवशी पाइप रिकामा होई. आणि यंदा सोनमानचे तोंड बुडालेले असेल.

तो दिवस उजाडला. माडीवर नेमके पाहुणे होते. हौद काठोकाठ भरलेला. पाणी आठवड्याचे शिळे. त्यात घंगाळांनी अंगे घासलेली, तस्तांनी मळ सोडलेला, आणि वरून अत्तर शिंपडलेले. टाकीचा कॉक बंद झाल्याचा आवाज पितळीने ऐकला. तिने तोंड उघडले.

आधी पाइपातले उरलेसुरले स्वच्छ पाणी आले. मग नुसती फुसफुस. मग तिला वरून ओढ जाणवली, जड, हळूहळू वाढत जाणारी. माडीवर काहीतरी गुडगुडले.

"प्रधान," हौदाचा आवाज आला, "मी उतरतोय. तुम्ही सुटलात का?"

"मी जागेवरच आहे, महाराज. तळ घट्ट आहे."

"मग मला पितंय कोण?"

सोनमानचे तोंड भरलेले होते.

पाणी एक वीत उतरले, तशी संगमरवरावर मळाची काळी रेघ उघडी पडली. पाहुण्यांत कुजबूज झाली. एक घंगाळ फिस्सकन हसले. त्या एका हसण्यासाठी पितळीने वर्ष काढले होते.

"काकू," खालून ठकू म्हणाली, "आज पाणी कोमट लागतंय."

पितळीने खाली पाहिले. ठकूच्या गळ्यापर्यंत करड्या रंगाचे पाणी चढले होते, वर साबणाची साय.

हे पाणी कुठे निघेल, हे तिने वर्षभरात एकदाही मनात आणले नव्हते.

"आणि वास किती छान," ठकू म्हणाली. "अत्तराचा. अगं भागे, आज आपल्याला वरचं पाणी आलंय. घरी पोरं खूश होतील."

पितळीने तोंड मिटायला घेतले. वरून हौदाची हाक आली, केविलवाणी, पाहुण्यांच्या हसण्यात बुडालेली. तो अजून निम्माच उतरला होता. तळ दिसायचा बाकी होता.

ठकू भरली आणि बाजूला झाली. भागी लगबगीने पुढे सरकली, पितळीच्या ताठ मानेखाली नीट बसली, आणि नेहमीसारखे तोंड वर करून म्हणाली, "मला काठोकाठ द्या हं, काकू."

पाण्याची धार तिच्या तोंडात सरळ, न सांडता पडू लागली.