सगळ्यांचं पान

“मग दोष कुणाचा, भंते? माणसांचा की साधनाचा?”

निशिकांतनं लॅपटॉप चटईवर ठेवला. लगेच उचलला. पुन्हा ठेवला.

भंते सुमनतिस्स विहाराच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. पवनीजवळच्या या विहारात त्यांनी उभी हयात पाली शिकवली. पुढं गुडघे साथ देईनात, शिकणारी माणसंही नोकऱ्यांपायी गावोगाव पांगली. तेव्हा वर्ग वाचवायला धावून आला तो निशिकांतच. नागपुरातला प्राध्यापक, भंतेंचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आणि ते स्वतःला ठाऊक असलेला.

त्यानं वर्ग इंटरनेटवर नेला. सगळ्यांचं मिळून एक पान. ज्यानं त्यानं आपापल्या घरी उघडायचं आणि पाली शब्दांचा मराठी अर्थ त्यावर एकत्र लिहायचा.

सुरुवातीला पान गजबजलं. मग ओस पडत गेलं.

“काय करायचं ठेवलं नाही, भंते. रंगीत फळा आणला, चर्चेसाठी ग्रुप काढला, व्हिडिओ लावले. माणसं येतात, बघत बसतात. लिहीत कुणीच नाही. सगळं मीच लिहितो. असंच चाललं तर वर्ग संपला म्हणायचा.”

भंतेंनी चटईची सुटलेली काडी आत खोचली.

“आणखी एक नवीन साधन आलंय. बाहेरची मोठी विद्यापीठं वापरतात. घेऊ का ते?”

“आज वर्ग आहे ना?”

“आहे. आता सुरूच होईल.”

“उघड.”

पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात एकेक नाव उजळत गेलं. मधोमध आजचा शब्द होता, ‘पमाद’, आणि खाली तो जिच्यात येतो ती पाली गाथा.

बराच वेळ काही नाही… मग एकेक अक्षर चाचपडत उमटू लागलं. गोंदियाच्या सुमेधाताई डोंगरे लिहीत होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स.

‘पमाद म्हणजे प्रमाद. म्हणजे चू’

निशिकांतचा हात झेपावला. “चुकलं! मराठीतला प्रमाद वेगळा, पालीतला…”

भंतेंनी त्याचं मनगट धरलं.

“एकच शब्द, भंते. मी नेहमी लगेच दुरुस्त करतो. चूक पानावर राहायला नको.”

“नेहमी?”

“हो. ओळ पुरी व्हायच्या आत.”

भंतेंनी नजरेनंच पान दाखवलं.

सुमेधाताईंची अक्षरं मध्येच थांबली होती. पानावर काही हलेना. सगळे कुणाची तरी वाट बघत होते. कुणाची, ते निशिकांतला कळलं आणि त्याचे कान तापले.

‘सर आज गप्प का?’ कुणीतरी लिहिलं.

…

‘चूक कशी म्हणता ताई?’ हे वर्ध्याचे वासनिक. ‘खालच्या ओळीत जागं राहा म्हटलंय.’

‘मग झोप?’

‘झोपेत माणसाचा काय दोष जी?’

सुमेधाताईंनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ‘नाईट ड्यूटीला डोळे उघडे असायचे, पण समोरचं सलाइन संपलेलं दिसायचं नाही. तसं काही असेल?’

आता दोघंतिघं एकदम लिहू लागली. एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीत घुसली. कुणी खोडलं, कुणी पुन्हा मांडलं. आजवर नुसतंच उजळणारं एक नाव पहिल्यांदा बोललं, ‘मी कधी लिहिलं नाही. गाफीलपणा म्हटलं तर चालेल?’

‘बेसावधपणा बघा.’

‘नाही, गाफीलच. बेसावध तर कुणीही असतो.’

‘काहून? फरक सांगा.’

निशिकांत चुळबुळत होता. मांडी बदलावीशी वाटत होती, बदलवत नव्हती. शर्ट पाठीला चिकटला होता. एकेका ओळीगणिक तो पुढं पुढं झुकत होता.

“गाफीलपणा! पालीच्या अर्थात हा अरबी शब्द आणून बसवला! अनवधान, भंते, अनवधान! मला माहीत असून मी नुसतं बघत बसू?”

पानावर वासनिकांचं आणि सुमेधाताईंचं चांगलंच जुंपलं होतं. ओळी सरसर वर जात होत्या. ‘सर गप्प का’ हे विचारायचंसुद्धा कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

निशिकांतला राहवेना. “पुरे झालं, भंते. एवढा एक शब्द लिहू द्या मला. सोडा माझा हात!”

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं…

“तुझा हात मी केव्हाच सोडला, निशिकांत.”