गार बोनेटची गाडी

सगळ्या गाड्या धूर सोडत घरघरायच्या, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरीणबाईंच्या अंगणात विजेवर चालणारी छोटीशी, महागडी गाडी आली. गरम बोनेटवर झोपायची सवय असलेली भुरी मांजरी तिच्यावर चढली, तर बोनेट गारच.

"गाडीबाई, तुम्हाला बरं नाही का? पोटात गुरगुर कशी नाही?"

"ते गावंढळ काम," गाडी म्हणाली. "मी निघाले तरी कुणाला कळत नाही."

"मग तुमच्या चाकाशी झोपलेल्या माझ्या पिल्लाला कसं कळणार?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई येऊन आत बसल्या, त्यांनी बटण दाबलं. जागची हलण्याआधी गाडी लाजत लाजत गुरगुरली.

पिल्लू आळस देत चाकापासून बाजूला झालं.

"आई," त्यानं विचारलं, "ही आपल्यातलीच ना गं?"