करपलेली भाकर

लई जुनी गोष्ट. इतकी जुनी, की खोटी आहे म्हणायलासुद्धा आता कोणी उरलं नाही.

डोंगरातल्या गुहेत एक साध्वी राहायची. बारा वर्षांचं व्रत. गुहेचं दार दगडांनी बंद. कुणाचं तोंड बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. भिंतीला हात जाईल एवढं भोक, त्यातून खालच्या वाडीतली कोणीतरी बाई रोज एक भाकर आत सरकवायची.

आत ही आणि देव. देव काही बोलेना. मग ही भाकरीकडंच बघून देवाचं मन ओळखायला लागली. हसू नका! कोंडून घेऊन बघा, मडक्यालाही काका म्हणाल.

भाकर फुगलेली आली की देव खूश. चिरलेली आली की हिचा जीव खालीवर. माझं कुठं चुकलं? अकरा वर्षं हेच.

बाराव्या वर्षी, व्रताला महिना उरला असताना, भाकर करपून आली. दुसऱ्या दिवशी तर कोळसाच.

"एवढा राग, देवा?"

तिनं भाकर तशीच परत सरकवली आणि उपास धरला. दुसऱ्या दिवशी आणखी काळी. तीही परत. असे पाच दिवस. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची.

सहाव्या दिवशी भोकातून नुसता हात आला. म्हातारा, बोटं पोळलेली.

"माय, माझी भाकर का गं परत करतेस? माझ्या हातचं देवाला नको झालं, म्हणून मीबी पाच दिवस जेवले नाही."

बोलावं तर बारा वर्षं पाण्यात. हात तर मागं निघालेला.

साध्वीनं तो धरला. "आजी, बोटं कशानं भाजली?"

"डोळे गेले गं माझे. वाट पायांना पाठ आहे, पण तवा तापला का ते बोटानंच बघते."

"अगं, मला वाटलं देव चिडलाय!"

"देव कशाला चिडतोय? भाकर तर मी थापते!"

साध्वीनं दारातले दगड ढकलले. व्रत मोडलं. वाडीनं नावं ठेवली. पण त्या दिवसापासून म्हातारीच्या चुलीपुढं ती बसायला लागली.

बारा वर्षांत हाताची सवय मोडलेली. पहिलीच भाकर करपली. म्हातारीनं घास चावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "बया! आज देव लईच चिडलाय."

ध्यानात ठेवा: माणूस फार कोंडून घेतो, तेव्हा त्याला दुसऱ्याचं दुखणंही आपल्याच पापाची खूण वाटतं.