दम धर

खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे धुकं इतक्या नेमाने यायचं की वाड्यातली माणसं त्याला पाहुणा मानतच नसत. सकाळी दार उघडलं की ते अंगणात बसलेलं असायचं, आणि ऊन वर आलं की कुणाचा निरोप न घेता निघून जायचं. या वाड्यात जोमा नावाचा एक माणूस राहायचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. हात मोठा गुणी, पण घाई पाचवीला पुजलेली. चहासुद्धा तो उकळी यायच्या आत गाळायचा आणि वर म्हणायचा, चव नाही.

जोमाच्या शेजारी त्याची येसूमामी राहायची. तिचा नवरा हिरामण, म्हणजे जोमाचा मामा, वाड्यासाठी शिसं ओतायचा. त्या खाडीच्या पाण्याला फार ओढ. तिथे हाताने फेकायच्या जाळ्याला, म्हणजे पागाला, काठाने शिशाचे मणी लावावेच लागतात. मणी एकसारखे आणि वजनदार असले तर पाग सरळ तळाला बसतो. नाहीतर पाणी त्याला वाहवत नेतं आणि मासे खालून मजेत निघून जातात. हिरामणमामाचे मणी असे उतरायचे की पाग पडला की सगळे एकदम बुडायचे आणि 'सर्र' असा एकच आवाज व्हायचा. मामीचा त्या आवाजावर फार जीव. खाडी श्वास घेते, असं ती म्हणायची.

मामा गेला तेव्हा एक पाग अर्धवट राहिला होता. जाळं विणून झालं होतं, मणी लावायचे राहिले होते. मामीने तो छपराच्या वाशाला टांगून ठेवला. वाऱ्यावर तो हलायचा, पण आवाज करायचा नाही. पुढे मामीच्या डोळ्यांवर पडदा आला. भर दुपारीही तिला माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसू लागली.

एक दिवस ती जोमाला म्हणाली, "माजं डोलं चालले रं. कान हाईत तवर येकदा त्यांचा पाग पान्यावं परलेला ऐकू दे."

मामीने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. जोमाच्या काळजात ते रुतलं. त्याने तिथल्या तिथे माळ्यावर चढून मामाचा बर्नर खाली काढला.

हा बर्नर मामाने कुठल्याशा मोडीत निघालेल्या बोटीवरून आणला होता. खाली पितळेची फुगीर टाकी, तिला हवा भरायचा पंप, आणि वर वेटोळ्या नळीचं तोंड. चालायचा रॉकेलवर. घरातल्या स्टोव्हचा थोरला भाऊ म्हणा ना, फक्त या थोरल्याच्या नाकावर राग जास्त. आता तो हिरवा पडला होता आणि त्याच्या तोंडात एका कोळ्याने संसार थाटला होता. वाड्यातलाच कोळी, पण आठ पायांचा.

जोमाने कोळ्याला बाहेर काढलं. टाकी घासून लखलखीत केली, रॉकेल ओतलं, दणादण हवा भरली आणि काडी लावली. झालं! थंड नळीत रॉकेलची वाफ होणार कशी? ते पातळच्या पातळ बाहेर उडालं आणि पिवळा जाळ माणसाच्या डोक्यावर गेला. टाकीच्या मानेला चीर होती, तिथूनही रॉकेल झिरपलं आणि पेटलं. जवळ वाळूचा ढीग होता म्हणून निभावलं. आग विझली, पण जोमाच्या दोन्ही भुवया गेल्या.

वाडा पोट धरून हसला. कितीतरी दिवस जोमा दिसला की बायका स्वतःच्या भुवयांवरून बोट फिरवायच्या आणि आकाशाकडे बघायच्या.

मामी हसली नाही. ती म्हणाली, "ते बर्नरपाशी बसले का बोलायचे, दम धर. मना येवराच ठावं."

जोमाचे कान टवकारले. दम धर! बरोबरच आहे, टाकीने दम धरायला हवा. आत भरलेली हवा भलतीकडून सुटता कामा नये. मामा बर्नरशी बोलत असणार. जोमा स्वतः इंजिनांशी बोलायचा, कधी शिव्याही द्यायचा, त्यामुळे त्याला यात काही नवल वाटलं नाही.

मग त्याने जुन्या बर्नरची नीट मनधरणी सुरू केली. टाकी रिकामी करून धुतली आणि रॉकेलचा वास मरेपर्यंत उन्हात ठेवली. तेव्हा कुठे ती तालुक्याच्या तांबटाकडे नेऊन मानेची चीर झाळून घेतली. पंपातला चामड्याचा वायसर वाळून चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पाठीसारखा कडक झाला होता. त्याने नवा कापला आणि तेलात भिजत टाकला. रॉकेलची वाफ जिथून सुटते त्या निपलचं बारीक भोक पिनेने मोकळं केलं. हवा सोडायचा स्क्रू गंजला होता, तो बदलला. आग नको तेव्हा आवरता आली पाहिजे, एवढं भुवयांनी त्याला शिकवलं होतं.

शेवटी रिकाम्या टाकीत हवा भरून त्याने ती खाडीत बुडवली आणि काठावर बसून राहिला. मानेपासून बुडबुड्यांची माळ वर आली. जोमा निमूटपणे पुन्हा तांबटाकडे गेला. परत आल्यावर पुन्हा बुडवली. या खेपेला पाणी हललं नाही. खाली पितळ मंद चमकत होतं, वर धुकं होतं आणि मध्ये बिनभुवयांचा एक चेहरा तरंगत होता. जोमा किती वेळ तसाच बघत राहिला, त्याला कळलं नाही.

"धरलास बग दम," तो टाकीला म्हणाला.

शिसं ओतायचा दिवस ठरला. नवा पाग भरती लागताना पहिल्यांदा पाण्यात पडावा, अशी वाड्याची रीत. म्हणून सकाळीच जोमाने किनाऱ्यावर उघड्या जागी बर्नर मांडला. वारा पाठीशी घेतला, वाळूची पाटी हाताशी ठेवली, पोरांना लांब पिटाळलं. मामी जवळच्याच ओट्यावर बसली होती. तिने एक जुना पंचा पुढे केला.

"यो कपालाला बांध. ते बांधायचे. कनाला ते नाय ठावं, पन झ्याक दिसायचे."

जोमाने पंचा बांधला. मग काकडा स्पिरिटमध्ये बुडवून नळीला लावला आणि नळी तापेपर्यंत हातावर हात ठेवून बसला. काकडा विझत आला तेव्हा त्याने थोडी हवा भरली. बर्नर आधी खोकला, फुरफुरला, आणि मग त्याच्या तोंडातून निळी ज्योत उभी राहिली. घुंऽऽ असा आवाज धुक्यात पसरत गेला. जाळी विणणारे हात थांबले. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका वाटेतच उभ्या राहिल्या. हा आवाज ऐकून वाड्याला बरीच वर्षं झाली होती. मामीने डोळे मिटून घेतले, आणि तेवढ्यापुरता मामा घरात होता.

भांड्यातलं शिसं आधी नुसतं मऊ पडलं, मग वितळलं. जोमाने वरची मळकट साय कोरड्या पळीने बाजूला केली. खाली आरसा निघाला. त्यात निळे-जांभळे रंग उगाच इकडून तिकडे फिरत होते, धुकं फिरत होतं, वाकून बघणारी तोंडं फिरत होती. सगळे खुळ्यासारखे बघत राहिले. लांब राहायचं कुणाच्या ध्यानात उरलं नाही.

एवढ्यात वाड्याचे पाटील, म्हातारे चाहूबाबा, हातात नारळ आणि कोयता घेऊन पुढे आले. त्या वाड्यात नव्या कामाचा नारळ त्या वस्तूवरच वाढवतात. होडी असेल तर तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, इंजिन असेल तर इंजिनावर. नारळाचं पाणी वस्तूवर सांडलं म्हणजे समुद्राने तिच्या डोक्यावर हात ठेवला, असं तिथे मानतात. चाहूबाबा थेट शिशाच्या भांड्यावर नारळ धरून उभे राहिले.

"चल, नारल फोरतू. भरतीच्या आदी मनी लावाय पायजेत. टायम नाय."

जोमालाही तेच हवं होतं. पाटलांचा हात, भरतीची वेळ, आणि हसणाऱ्या वाड्यासमोर एकदाचं उजळ तोंड. 'फोरा' हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला. तेवढ्यात त्याच्या कपाळावर घाम आला आणि पंच्याने तो टिपला. जोमाचा हात पंच्याकडे गेला.

थेंब! मामा पंचा झोकासाठी बांधत नव्हता. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, हे चुलीपाशी बसणारं प्रत्येक माणूस जाणतं. शिसं तर तेलाहून किती तापलेलं. एक थेंब पडला की त्याची झटक्यात वाफ होणार आणि शिसं उसळून अंगावर येणार. मग अख्ख्या नारळाच्या पाण्याचं काय? भांड्यावर चाहूबाबांचं तोंड होतं. मागे सगळा वाडा होता. ओट्यावर मामीचे उरलेसुरले डोळे होते.

"दम धर," जोमा म्हणाला. कुणाला, ते त्याला तेव्हा कळलं नाही. पण म्हणताक्षणी त्याच्या अंगातली घाई उतरली आणि त्याने चाहूबाबांचा हात मनगटापाशी धरला. त्या वाड्यात पाटलाचा हात कुणी धरत नाही.

"बाबा, नारल माज्या टालक्यावं फोरा, पन भांड्यावं नको."

"समुंदराचा पानी तुना नको?" चाहूबाबांनी नारळ आणखी घट्ट धरला.

"मना पायजेलच हाय. पन शिश्याला कुठं ठावं, पानी कोनाचा त्ये?"

जोमाने त्यांना मागे ओढलं तसे चाहूबाबा भडकले. त्यांनी हात झटकून सोडवला आणि तो नारळ बाजूच्या दगडावर दाणकन आपटला. पाणी चौफेर उडालं. त्यातला एक थेंब, एकच, भांड्यात जाऊन पडला.

फट्! शिशाचा वाटाण्याएवढा तुकडा उडाला, चाहूबाबांच्या लाल टोपीच्या शेंड्यातून आरपार गेला आणि वाळूत पडून चरचरला. फक्त बर्नर घुमत होता. चाहूबाबांनी टोपी काढली, भोकातून एकदा आभाळ बघितलं, आणि ते लांब जाऊन वाळूत बसले. त्यांच्यामागून सगळा वाडाही लांब जाऊन बसला.

मणी ओतून व्हायच्या आतच भरती लागली. पाणी चढलं आणि वेळ निघून गेली. कुणीतरी कुरकुरलं, रीत मोडली म्हणालं, आणि माणसं एकेक करून घरी गेली. जोमाला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण त्याने मान वर केली नाही. दगडी साचा गरम करून कोरडा करायचा आणि मगच पळीने शिसं ओतायचं, हेच तो करत राहिला. सगळे मणी झाल्यावर त्याने स्क्रू सैल करून हवा सोडली. ज्योत हळूहळू निळ्याची फिकी झाली आणि विझली. टाकी गार होईपर्यंत त्याने तिला हात लावला नाही. भाकरी पुढे आली तेव्हा मामीने त्याला ताटावरून उठवून साबणाने हात धुवायला लावले. शिसं पोटात जाऊ द्यायचं नसतं, हे तिला मामाने शिकवलं होतं.

जोमाने रात्री जागून मणी पागाच्या काठाला लावले आणि दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी मामीला धरून होडीत बसवलं. धुकं इतकं दाट होतं की आज सगळ्यांनाच मामीसारखं दिसत होतं. होडी ढकलायची तर कुणीतरी आधीच वल्ह्यापाशी बसलेलं. चाहूबाबा! डोक्यावर तीच भोकाची टोपी. त्यांनी वल्हं पाण्यात टाकलं. होडी निघाली.

खाडीच्या मध्यावर जोमा पाग हातावर घेऊन उभा राहिला. मणी एकमेकांवर हलकेच वाजत होते. भरती अजून लागली नव्हती, आणि तो वाट बघत होता.

"मामी," तो म्हणाला, "मामा दम धर बोलायचा ना, ते बर्नरला नाय."

"मंग?"

"सोताला."

मामीला हसू आलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"आन मना वाटायचा, मनाच सांगतान. ते गेले तवापास्नं धरूनच बसलेय."

होडीखालचं पाणी हळूच वळलं. चाहूबाबांनी वल्हं वर घेतलं. जोमाने पाग फेकला. तो धुक्यात उघडला, क्षणभर कुठेच नव्हता, आणि मग सगळे मणी एकदम पाण्यात गेले.

सर्र.

मामीने इतकी वर्षं धरलेला दम सोडला.

तात्पर्य: आगीला आवरण्याआधी माणसाने आपल्या घाईला आवरावं. 'दम धर' हे दुसऱ्याला कुणीही सांगतं. जो ते स्वतःला सांगतो, त्याच्याच हातून काम आणि माणसं दोन्ही सुखरूप राहतात.