राखून ठेवलेला डाव

"तो एक डाव तेवढा द्या, वस्ताद. बाकी सगळं तुमच्याकडनं मिळालं."

कासम वस्तादांनी मान वर केली नाही. कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून ते मातीतली ढेकळं हातानं फोडत होते. सकाळीच मातीत ताक, तेल आणि हळद पडली होती. दुपारच्या रिकाम्या तालमीत तोच वास भरून राहिला होता.

"कुठला डाव?"

"राखलेला."

वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक मात्र स्वतःपाशी राखून ठेवतो, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ज्यांनी जन्मात लंगोट लावला नाही, ते तर ती फारच छातीठोकपणे सांगतात. जोतिराम मगदूम मात्र त्यांच्यातला नव्हता. मिसरूड फुटायच्या आत त्यानं याच तालमीत लंगोट लावला होता. ढाक, लपेट, कलाजंग हे डाव याच मातीत शिकून नदीकाठच्या साऱ्या मैदानांत नाव काढलं होतं. पुढं वय झालं, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मैदान सोडून त्यानं आपल्या गावात तालीम काढली. कालचा पैलवान वस्ताद झाला. निदान लोक तसं म्हणत होते.

"माझ्याकडं हाय म्हणून कुणी सांगितलं?"

"सगळ्याच वस्तादांकडं असतो."

"आता तू बी वस्ताद. तुझ्याकडं कुठला हाय?"

दुखणं नेमकं तिथंच होतं. त्याच्याकडं राखलेला असा एकही डाव नव्हता. जे होतं नव्हतं ते त्यानं बिरूला देऊन टाकलं होतं. बिरू हा त्याच्या तालमीतला सगळ्यात तयारीचा पठ्ठा, मेंढक्याचं पोर. आज दाखवलेला डाव उद्या करून दाखवायचा. अशा पोराला शिकवताना हात आखडता घेणं जोतिरामला जमलं नाही, आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

डाव कुणासाठी पाहिजे, असं वस्तादांनी विचारलं. जोतिरामनं आधी आडवळणानं सांगून पाहिलं. तालीम वाढलीय, पोरं वाढलीत, वस्तादाच्या पोतडीत काहीतरी असावं, वगैरे. वस्ताद ढेकळं फोडत राहिले. त्यांच्यापुढं थापा चालत नाहीत हे जोतिराम पोरवयातच शिकला होता. शेवटी त्यानं खरं ते सांगितलं.

गेल्या आठवड्यात सरावाच्या लढतीत बिरूनं त्याला कमरेतून उचललं होतं. पाय मातीपासून सुटले. सगळी तालीम बघत होती. जोतिराम कसाबसा सुटला, त्यानं बिरूला खाली घेतलं आणि त्याच्या मानेवर घुटना असा दाबला, की पोरगं कळवळलं. सरावात असं कुणी करत नाही. वस्तादानं तर नाहीच नाही. बिरू उठला, एका हातानं मान धरून त्याच्या पाया पडला आणि निघून गेला. त्यानंतर तो तालमीकडं फिरकला नव्हता. दुसऱ्या गावच्या तालमीत जायचं म्हणतोय, असं कानावर आलं होतं.

हे सांगताना जोतिरामला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

"मग डाव घिऊन करणार काय?"

"त्याला बोलवून आणतो. सगळ्यांसमोर एकदा पाडतो. मग राहील माझ्या हाताखाली."

"आन न्हाई पाडलंस तर?"

"तर मी कोण, वस्ताद? पैलवानकी तर संपली. पठ्ठ्यानं पाडलं की वस्तादकी बी संपली. मागं काय राहिलं मग..."

वस्तादांनी हातांची माती झटकली आणि जोतिरामकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"लंगोट लाव."

जोतिरामला वाटलं, काम झालं. चाळिशी ओलांडलेला तो गडी एखाद्या पोरासारखा घाईघाईनं कपडे काढू लागला. हौद्यात उतरताना त्यानं माती कपाळाला लावली. वस्तादही सदरा काढून, लुंगी वर खोचून खाली आले. अंगावर मांस असं उरलंच नव्हतं, बरगड्या दिसत होत्या. त्यांनी एक हात जोतिरामच्या मानेवर ठेवला, दुसऱ्यानं मनगट धरलं. पकड हलकी होती, तरी जोतिरामची पाठ आपोआप ताठ झाली.

मग वस्तादांनी त्याला सोडलं. गुडघे वाकवले, एक हात मातीला टेकला आणि सावकाश पाठीवर आडवे झाले. आधी एक खांदा टेकला, मग दुसरा.

जोतिरामला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. तो घाबरून खाली वाकला आणि पाणी आणू का म्हणाला.

"पाणी कशाला? डाव दावला. बघितलास न्हवं?"

जोतिरामला राग आला. दोन एसट्या बदलून तो आला होता, जिवाच्या आकांतानं सगळं उघडं बोलला होता, आणि इथं त्याची चेष्टा चालली होती. म्हातारचळ म्हणतात तो हाच, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"द्यायचा नसंल तर तसं सांगा, वस्ताद."

"दिला की."

"ह्या डावानं कोण जिंकतं?"

पडल्या पडल्या वस्ताद छपराची कौलं बघत राहिले.

तेव्हा जोतिराम असं काही बोलून गेला, जे त्यानं जन्मात कधी तोंडातून काढलं नव्हतं. ऐन पंचविशीत, दसऱ्याच्या दिवशी, भरल्या तालमीसमोर त्यानं याच हौद्यात कासम वस्तादांना ढाकेवर घेऊन चितपट केलं होतं. तोवर तो मगदुमांचं पोरगं होता, त्या दिवसापासून लोक त्याला पैलवान म्हणू लागले. पुढच्या कितीतरी कुस्त्या तो विसरला, ही विसरला नाही. तिच्याच जोरावर तो आजवर मैदानात छाती काढून उतरला होता. पण वस्तादांसमोर तिचा विषय काढायचा नाही, एवढी रीत त्यानं पाळली होती.

आज ती मोडली.

"तुमच्याकडं राखलेला डाव न्हवताच. असता तर मी तुम्हाला पाडलं, त्या दिवशी का न्हाई वापरलात?"

"वापरला की," वस्ताद म्हणाले.

...

जोतिराम मातीत बसला. हसावं असं त्याला वाटलं, पण हसू आलं नाही. एवढी वर्षं ज्याच्यावर पाय रोवून उभा होता तेच खालून सरकल्यासारखं झालं. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. वस्तादांचा रागही आला, पण तो फार वेळ टिकला नाही.

मग त्याला बिरूचा चेहरा आठवला. बिरूनं उचललं तेव्हा तो चेहरा वीतभर अंतरावर होता. त्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. वस्तादाला उचलून तर बसलो, आता पुढं काय करू, असं ते पोर घाबरून त्याच्याकडंच बघत होतं. हे त्याच्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं, कारण त्याला स्वतःच्या पाठीची पडली होती.

वस्तादांनी हात पुढं केला. जोतिरामनं त्यांना उठवलं. त्यांच्या पाठीला माती लागली होती. पठ्ठ्यानं करायचं असतं तसं तो तळव्यानं ती पुसू लागला.

"त्याला बोलवून आणू नगंस," वस्ताद म्हणाले. "तू जा. पयली त्याची मान चोळून दे."

जोतिरामनं होकार दिला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, उद्या सकाळीच तो मेंढक्याच्या वस्तीवर जाणार होता. पण एक गोष्ट त्याला सुटत नव्हती. बिरू पुन्हा कधीतरी त्याला उचलणार होता, आणि तेव्हा आपण पडू ते आपल्या मनानं की पोराच्या ताकदीनं, हे त्याला सांगता येत नव्हतं. पाठ पुसत असतानाच त्यानं हळू आवाजात विचारलं.

"एवढं तरी सांगा, वस्ताद. त्या दिवशी तुम्ही आपणहून पडला, का मी खरंच पाडलं?"

वस्तादांनी वाकून मातीतलं एक ढेकूळ उचललं आणि हातानं फोडलं.

"लई वर्सं इचार करतोय," ते म्हणाले. "मलाच अजून उमगलं न्हाई."