जिभेचं खरं की घशाचं

निफाडकडच्या एका मळ्यात वाइन चाखायची बैठक भरली होती. हौसाबाई ढोमसेनं घरच्या द्राक्षांची पहिलीवहिली वाइन आणली होती. नाशिकचे हॉटेलवाले शेठ ती घेणार होते, पण मुंबईच्या कर्णिकसाहेबांनी पसंत केली तरच.

कर्णिकसाहेब म्हणजे बडं प्रस्थ. पेला हलवायचा, त्यात नाक खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकून टाकायचा. "जाणकार वाइन गिळत नसतो. गिळतात ते नुसते पिणारे," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. फ्रान्सची झाली, इटलीची झाली. एकेकीचं तोंडभर कौतुक केलं आणि थुंकले.

शेवटी हौसाबाईचा पेला आला. साहेबांनी घोट घोळवला, डोळे मिटले. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "गावठी आहे. हिच्यात काही राम नाही."

शेठनं तोंड फिरवलं. हौसाबाईचा नवरा तर मुकाट्यानं बाटल्या पिशवीत भरायला लागला.

"थांबा हो जरा," असं त्याला म्हणून हौसाबाई साहेबांकडं वळली. "साहेब, तुमचा शब्द मोठा. पण कौतुक केलंत त्या सगळ्या पिकदाणीत गेल्या, अन् नावं ठेवलीत ती माझी तेवढी पोटात गेली. आता शेठनी कुणाचं ऐकावं, तुमच्या जिभेचं का घशाचं?"

साहेबांचा हात नकळत गळ्याशी गेला.

शेठनं नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "पाठवा माल, वहिनी," ते म्हणाले. "माझ्या हॉटेलात कुणी थुंकायला येत नाही."