चिचुंद्रीची पिवळी गोधडी

एक होती चिचुंद्री.
एवढीशी. तुमच्या मुठीत मावेल एवढी.
नाक लांब. शेपूट लांब. आणि तोरा त्याहून लांब.

घराच्या मागे होती पत्र्याची शेड.
शेडमध्ये होतं लाकडी बाक. बाकाखाली होतं चिचुंद्रीचं घर.
घरात होतं पिल्लू. नखाएवढं.
आणि पिल्लाला होती गोधडी. पिवळी पिवळी, मऊ मऊ.
ते होतं गाडी पुसायचं जुनं फडकं. कुणीतरी टाकून दिलेलं.
चिचुंद्रीने उचललं. कुरतडून कुरतडून मऊ केलं. पिल्लाला अंथरलं.
म्हणजे ते कुणाचं झालं?
चिचुंद्रीचं!

शेडमध्ये एक गाडीही होती.
लाल. बुटकी. दोन दारांची. एके काळी शर्यतीत पळायची. झुंऽऽई!
आता पळत नव्हती. तिचं इंजिन म्हातारं झालं होतं.
म्हणून हौसाक्का आणि हणमादादा ती दुरुस्त करत होते. दोघं बहीणभाऊ.
जुनं इंजिन त्यांनी बाहेर काढलं. नवं इंजिन साखळीला टांगलं.
किर्र… किर्र… नवं इंजिन हवेत झुलायला लागलं.

एके दिवशी चिचुंद्री दाणे आणायला गेली.
परत आली. बघते तर काय?
गोधडी नाही!
पिल्लू उघडं. पिल्लू कुडकुड. पिल्लू रडतंय, चुंई चुंई चुंई!
चिचुंद्रीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग वर बघितलं.
नव्या इंजिनाच्या तोंडात पिवळं पिवळं काय आहे?
गोधडी!

चिचुंद्री निघाली. तुरु तुरु तुरु!
खांबावर चढली. साखळीवर आली.
"इंजिनराव, इंजिनराव!
पिल्लू माझं झोपेना.
तुम्ही माझी गोधडी द्या."

इंजिनाच्या तोंडात बोळा. बोलणार कसं?
"म्म्म! देणार नाही. गॅरेजची रीत आहे. इंजिन बाहेर असलं की तोंडात फडकं कोंबायचं. नाहीतर धूळ जाते. नट पडतो. गाडीने आधी मला पोटात घेऊ दे. मग निघेल फडकं. म्म्म!"

"फडकं नाही. गोधडी!" चिचुंद्री म्हणाली.
आणि निघाली. तुरु तुरु तुरु!

आली गाडीकडे.
"गाडीबाई, गाडीबाई!
इंजिन गोधडी देईना,
पिल्लू माझं झोपेना.
तुम्ही इंजिनाला पोटात घ्या."

गाडी म्हणाली, "घेणार नाही! हे इंजिन ढब्बू. जुन्या जागेत मावत नाही. त्याला टेकायला नवी पट्टी पाहिजे. पट्टीला आधी जागेवर बसू दे. मग घेईन."

चिचुंद्री निघाली. तुरु तुरु तुरु!
आली लोखंडी पट्टीकडे.
"पट्टीताई, पट्टीताई!
गाडी इंजिन घेईना,
इंजिन गोधडी देईना,
पिल्लू माझं झोपेना.
तुम्ही जागेवर बसा."

पट्टी म्हणाली, "बसणार नाही! मला भोक कुठाय? भोक नाही तर बोल्ट जाणार कुठून? ड्रिलला आधी भोक पाडू दे. मग बसेन."

चिचुंद्री निघाली. तुरु तुरु तुरु!
आली ड्रिलकडे.
"ड्रिलभाऊ, ड्रिलभाऊ!
पट्टी जागेवर बसेना,
गाडी इंजिन घेईना,
इंजिन गोधडी देईना,
पिल्लू माझं झोपेना.
तुम्ही पट्टीला भोक पाडा."

ड्रिल म्हणालं, "पाडणार नाही! माझं टोक बघ. बोथट! याने लोणीसुद्धा कापायचं नाही. ग्राइंडरला आधी धार लावू दे. मग पाडेन."

चिचुंद्री निघाली. तुरु तुरु तुरु!
आली ग्राइंडरकडे. त्याचं चाक गोल गोल. पण गप्प उभं.
"ग्राइंडरकाका, ग्राइंडरकाका!
ड्रिल भोक पाडेना,
पट्टी जागेवर बसेना,
गाडी इंजिन घेईना,
इंजिन गोधडी देईना,
पिल्लू माझं झोपेना.
तुम्ही ड्रिलला धार लावा."

ग्राइंडर म्हणाला, "लावणार नाही! मी काय आपला आपण फिरतो? हौसाक्काला आधी बटण दाबू दे. मग लावेन."

चिचुंद्री निघाली. तुरु तुरु तुरु!
आली हौसाक्काकडे.
अक्का स्टुलावर बसली होती. हातात पाना. नाकावर राग.
"हौसाक्का, हौसाक्का!
ग्राइंडर धार लावेना,
ड्रिल भोक पाडेना,
पट्टी जागेवर बसेना,
गाडी इंजिन घेईना,
इंजिन गोधडी देईना,
पिल्लू माझं झोपेना.
तू बटण दाब."

अक्काने खाली बघितलं. "चिचुंद्री होय? वास आला तेव्हाच कळलं."
"आणि तुझ्या हातांना काय अत्तर लावलंय?" चिचुंद्री म्हणाली. "ऑइलच ना? माझी गोधडी तूच कोंबलीस ना? कुणाला विचारून?"
"कुणाला विचारायचं? बाकाखाली पडलं होतं ते."
"पडलं नव्हतं. अंथरलं होतं!"

अक्काने पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं बाई, चुकलं. पण इंजिन गाडीत बसल्याशिवाय ते काढता येत नाही."
"मग बसव. बटण दाब."
"दाबणार नाही! तो हणमा बघ. जाऊन बसलाय दाराबाहेर. म्हणतो, जुनंच इंजिन पाहिजे. मी म्हटलं, जुनं बसवलं तर घाटात गाडी ढकलायची कुणी? तर म्हणतो, तू ढकल अक्का, तुझे दंड दणकट आहेत! मी एकटीने कशाला हात काळे करू? हणमाला आधी 'हो' म्हणू दे. मग दाबेन."

बाकाखालून आवाज आला. चुंई… चुंई…
पिल्लाचा आवाज बारीक झाला होता.

चिचुंद्री पळाली. तुरु तुरु तुरु!
आली हणमादादाकडे.
दादा टायरवर बसला होता. शेडकडे पाठ. समोर जुनं इंजिन. दादा ते काळ्या फडक्याने पुसत होता.
"हणमादादा, हणमादादा!
अक्का बटण दाबेना,
ग्राइंडर धार लावेना,
ड्रिल भोक पाडेना,
पट्टी जागेवर बसेना,
गाडी इंजिन घेईना,
इंजिन गोधडी देईना,
पिल्लू माझं झोपेना.
तू 'हो' म्हण."

दादा म्हणाला, "म्हणणार नाही! लहानपणापासून या इंजिनाचा आवाज ऐकतोय मी. दुसरं बसवलं तर याला काय वाटेल? जुन्या इंजिनाला आधी 'चालेल' म्हणू दे. मग मी 'हो' म्हणेन."
आणि लागला पुन्हा पुसायला. घस घस घस.

आता कुठं जायचं?
लांब नाही जायचं. इथंच!
चिचुंद्री जुन्या इंजिनावर चढली. त्याच्या कानाशी गेली.
"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा!
दादा 'हो' म्हणेना,
अक्का बटण दाबेना,
ग्राइंडर धार लावेना,
ड्रिल भोक पाडेना,
पट्टी जागेवर बसेना,
गाडी इंजिन घेईना,
इंजिन गोधडी देईना,
पिल्लू माझं झोपेना.
तुम्ही 'चालेल' म्हणा."

जुनं इंजिन खोकलं. खॉक! खॉक!
आणि म्हणालं, "चालेल."

"आँ?" चिचुंद्री म्हणाली. "लगेच?"
"लगेच. घाट चढून चढून माझे गुडघे गेले. धूर सोडून सोडून छाती गेली. मी केव्हाच म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही!"

दादाचा हात थांबला.
"खरंच चालेल?" दादाने विचारलं.
"खरंच चालेल. हणमा, मला आता पडू दे."
दादाने नाक पुसलं. त्याच फडक्याने. नाक काळं झालं.
"पण पुसायचं सोडू नकोस हं," जुनं इंजिन म्हणालं. "तेवढं बरं वाटतं."

दादा उठला. शेडमध्ये आला. मोठ्याने म्हणाला,
"अक्का, हो!"
अक्का म्हणाली, "नाक धू आधी."

आणि मग काय!
दादा 'हो' म्हणाला,
अक्काने बटण दाबलं, खट्!
ग्राइंडरने धार लावली, सुंईंईं! ठिणग्या उडाल्या, चट चट चट!
ड्रिलने भोक पाडलं, घिर्रर्र!
पट्टी जागेवर बसली, ठाक!
साखळी खाली आली, किर्र किर्र किर्र.
"सावकाश, हणमा!"
"सावकाशच आहे."
"डावीकडं!"
"माझ्या डावीकडं की तुझ्या?"
"गाडीच्या!"
गाडीने इंजिन पोटात घेतलं, धप्प!

अक्काने बोल्ट आवळले. दादाने नळ्या जोडल्या. अक्काने तारा जोडल्या. दादाने ऑइल ओतलं. गुळुक गुळुक गुळुक.
दोघं हसायला लागले. दोघं गाणं म्हणायला लागले.
"आता इंजिनाच्या तोंडावर झाकण!" दादा म्हणाला.
"आता चावी!" अक्का म्हणाली.
दादाने झाकण उचललं.

आणि गोधडी?
गोधडी तोंडातच!
"म्म्म! म्म्म!" इंजिन ओरडलं. कुणी ऐकेना.
झाकण खाली यायला लागलं. खाली. खाली. खाली.
झाकण बसलं तर? इंजिन गोधडी गिळणार. इंजिनाचं पोट बिघडणार. आणि पिल्लू? पिल्लू उघडंच राहणार.

चिचुंद्रीने उडी मारली. टुण्!
थेट इंजिनाच्या तोंडात. गोधडीवर उभी. नाक वर. शेपूट वर.
"चुंईंईंई! आधी माझी गोधडी!"

"अक्का, थांब!" दादा ओरडला. "चावी फिरवू नकोस!"
अक्का पळत आली. वाकून बघितलं. पिवळं पिवळं.
अक्काने जीभ चावली.
"गाडीत बसल्यावर काढतात, असं कोण म्हणत होतं?" चिचुंद्रीने विचारलं.
"मीच," अक्का म्हणाली. "आणि मीच विसरले."
"मी नाही विसरले," चिचुंद्री म्हणाली.

अक्काने टोक धरलं. ओढलं. सुळ्ळकन गोधडी बाहेर!
"हुश्श!" इंजिन म्हणालं. "केव्हाचा म्हणतोय, म्म्म म्म्म. कुणी लक्ष देईल तर शपथ!"

अक्काने गोधडी पुढे केली. चिचुंद्रीने वास घेतला. नाक मुरडलं.
"ही नाही घेणार. ऑइलचा डाग पडलाय. धुऊन द्या."
"काय तोरा आहे बघा!" दादा म्हणाला.
"बरोबर बोलतेय ती," अक्का म्हणाली. "धू."
"मी?"
"मग काय गाडी धुणार?"
दादाने गोधडी धुतली. साबण लावून. चुबुक चुबुक चुबुक.

तोवर अक्काने झाकण बसवलं. चावी फिरवली.
चर्र… चर्र… काही नाही.
चर्र… चर्र… ढुम्!
गुर्रर्रर्र! गाडी सुरू!
इंजिन गरम झालं. त्याच्यावरचा पत्रा गरम झाला. गोधडी त्यावर वाळत घातली.
वाळली. ऊन ऊन झाली.

दादा गुडघ्यांवर बसला. बाकाखाली वाकला. आणि त्याने विचारलं. हो, विचारलं!
"चिचुंद्रीबाई, कुठं अंथरू?"
"भिंतीकडे. अशी नाही, उलटी. मऊ बाजू वर."
दादाने उलटी अंथरली. मऊ बाजू वर.

पिल्लू आलं. नखाएवढं.
वास घेतला. साबणाचा वास! आक्छी!
पिल्लू गोधडीत शिरलं. गोल झालं.
चुंई… चुं… झोपलं.

दारात गाडी उभी. गुर्रर्र.
अक्का चावीवर. दादा शेजारी.
"हॉर्न वाजवू का?" दादाने विचारलं.
"हात लावून बघ हॉर्नला!" बाकाखालून आवाज आला.
हॉर्न नाही वाजला.

गाडी लागली वाटेला,
पिल्लू लागलं झोपेला.
राहिलं कोण?
राहिलात तुम्ही. मिटा डोळे.